सहा बाण, आठ मात्रा

युकुलेले शिकवणाऱ्याला 'कोणतं वाद्य घेऊ?' या प्रश्नाच्या पाठोपाठ हमखास येणारा प्रश्न म्हणजे 'सोबत कोणतं ई-बुक घेऊ?' विचारणाऱ्याने बहुतेक वेळा शोधाशोध आधीच केलेली असते. एका पुस्तकात शंभर गाणी आहेत, दुसऱ्यात ढीगभर कॉर्ड आहेत, तिसरं काही दिवसांत शिकवण्याची हमी देतं, चौथं फुकट आहे. किंमत, पानं, वाचकांनी दिलेले तारे, सगळं ताडून झालेलं असतं. पण ज्या गोष्टीवर पुस्तक कामाचं की बिनकामाचं हे ठरतं, नेमकी तीच या यादीत नसते. शिकवण्याच्या कामात आणि शिकणाऱ्यांनी आणलेली पुस्तकं चाळताना माझं मत पक्कं होत गेलं ते असं, की पुस्तक मात्रांचा हिशोब पानावर कसा मांडतं ते पाहावं आणि तेवढ्यावर निवड करावी. बोट कोणत्या तारेवर, कितव्या फ्रेटला ठेवायचं हे प्रत्येक पुस्तक सांगतं. ते कधी ठेवायचं, कधी उचलायचं आणि तेवढ्या अवधीत उजव्या हाताने काय करायचं, हे फार थोड्या पुस्तकांत लिहिलेलं सापडतं. पहिली माहिती कुठेही, कुणाकडेही मिळते. पैसे मोजायचे ते दुसऱ्या माहितीसाठी.

हे तर सगळ्याच वाद्यांना लागू आहे असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. पण युकुलेलेच्या बाबतीत ही अट जास्त कडक होते आणि त्याचं कारण वाद्याच्या घडणीतच आहे. नेहमीच्या मिळवणीत युकुलेलेच्या तारा वरून खाली जी, सी, ई, ए अशा असतात. गिटारची सर्वांत वरची तार खर्जाची. युकुलेलेची वरची जी तार मात्र शेजारच्या सी आणि ई या दोन्ही तारांपेक्षा उंच लागते. सर्वांत खालचा स्वर येतो तो दुसऱ्या तारेचा, आणि तोही पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक. चारही मोकळ्या तारा सी पासून ए पर्यंत, एका सप्तकाच्या आत मावतात. गिटारवर जाड तारेचा खर्ज समेला वाजला की आवर्तन कुठे सुरू झालं हे कानाला न सांगता कळतं. युकुलेलेला तो खर्जच नाही, त्यामुळे सम दाखवायची ती मनगटाच्या वजनाने. त्यातच नायलॉनच्या जातीच्या तारा आणि लहानशी पेटी, त्यामुळे आवाज चटकन विरतो. गिटारवर उशिरा बदललेली कॉर्ड मागच्या स्वरांच्या गुंजनात थोडीफार झाकली जाते; युकुलेलेवर तिथे सरळ शांतता ऐकू येते. एखादी कॉर्ड चुकली पण हात लयीत राहिला तर गाणं चालत राहतं. कॉर्ड सगळ्या बरोबर आणि हात लयीबाहेर, तर गाणारा थांबतो. ज्या वाद्याचं जवळजवळ सगळं काम लय धरून ठेवण्याचं आहे, त्याच्या पुस्तकात लयच लिहिलेली नसेल तर ते पुस्तक कशाचं?

याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे नवशिक्यांच्या पुस्तकांत हटकून येणारा एक स्ट्रमिंगचा प्रकार: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. असंख्य गाण्यांना तो चालतो, म्हणून तो लवकर शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण पुष्कळ पुस्तकांत तो सहा बाणांनी छापलेला असतो आणि ते सहाही बाण एकमेकांपासून सारख्या अंतरावर असतात. शिकणारा ते दिसतात तसे वाजवतो: सारख्या अंतराचे सहा आघात. प्रत्यक्षात हा आठ मात्रांचा मामला आहे. हात आठही मात्रा न थांबता हलत राहतो, एक-तीन-पाच-सातला खाली आणि दोन-चार-सहा-आठला वर. पहिलीला खाली जाताना तारा वाजतात. दुसरीला हात वर येतो पण तारांना शिवत नाही. तिसरी खाली वाजते, चौथी वर वाजते. पाचवीला हात पुन्हा खाली जातो, पण तारांपासून जरा दूर, हवेतून. सहावी वर, सातवी खाली, आठवी वर, या तिन्ही वाजतात. वाजल्या सहा, मोजल्या आठ. या प्रकाराला जो झोल येतो, जी चाल येते, ती सगळी त्या न वाजलेल्या पाचवीतून येते. सहा बाण सारख्या अंतराने वाजवले की आठाचं आवर्तन सहाचं होतं. केरव्याच्या अंगाने गायचं गाणं दादऱ्याच्या मापात कोंबलं जातं, गाणारा एकीकडे आणि वाजवणारा दुसरीकडे जातो. मग शिकणारा स्वतःच ठरवून टाकतो की आपल्याला तालाचं अंग नाही. हे वाक्य फार ऐकायला मिळतं आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण अनेकदा चूक त्याची नसून त्या पानाची असते. तोच प्रकार आठ चौकोन आखून, खाली एक ते आठ आकडे लिहून, दुसरा आणि पाचवा चौकोन रिकामा ठेवून छापला असता तर तोच माणूस तो प्रकार आठवडाभरात हातात बसवतो. छपाईचा खर्च एका ओळीचाही वाढत नाही.

युकुलेलेच्या पुस्तकांतून हा हिशोब गेला कुठे, हे कळायला वाद्याचा इतिहास थोडा पाहावा लागतो. २३ ऑगस्ट १८७९ रोजी मदेरा बेटावरच्या पोर्तुगीज लोकांना घेऊन 'रेव्हन्सक्रॅग' हे जहाज होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांवर काम करायला आलेल्या त्या लोकांत मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो हे लाकूडकामात मुरलेले तिघे होते. मदेरातल्या माशेत या चार तारांच्या छोट्या वाद्यावरून हवाईत युकुलेले आकाराला आलं ते या कारागिरांच्या हातून, आणि राजा कालाकौआच्या आवडीमुळे त्याला दरबारात मान मिळाला. १९०६ मध्ये अर्नेस्ट काई या हवाईतल्या वादकाने युकुलेले शिकवणारं पुस्तक काढलं. या वाद्याच्या अगदी पहिल्या पुस्तकांत ते धरलं जातं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईच्या दालनातलं संगीत ऐकून अमेरिकेला युकुलेलेचं वेड लागलं. पुढच्या दशकात गाण्यांच्या छापील प्रतींवर कॉर्डच्या छोट्या चौकटी दिसू लागल्या. मे सिंघी ब्रीन या वादक बाईंचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं आहे. आता लक्षात घेण्याची गोष्ट अशी की त्या प्रतींवर ही चौकट पाच रेषांच्या स्वरलिपीच्या डोक्यावर छापलेली असे. कोणता स्वर किती मात्रांचा, ताल कुठे फिरतो, हे सगळं खालची स्वरलिपी सांगत होती. चौकटीवर फक्त बोटांची जागा दाखवण्याची जबाबदारी होती. नंतर हळूहळू स्वरलिपी गळाली, कारण ती सगळ्यांना वाचता येत नाही आणि जागाही फार खाते. चौकट आणि शब्द तेवढे उरले. आज 'गाण्यांचं ई-बुक' म्हणून जे मिळतं त्यातला मोठा भाग म्हणजे ती उरलेली अर्धी प्रत आहे. ती अर्धी आहे हेच विसरल्यामुळे ती पूर्ण समजून विकली जाते.

त्या जुन्या प्रतींचे स्कॅन आज फुकट मिळतात आणि ते जरूर पाहावेत, पण एक सावधगिरी हवी. त्या काळातल्या पुष्कळ प्रतींवर ए, डी, एफ शार्प, बी अशी मिळवणी धरलेली आहे. आपल्या जी-सी-ई-ए युकुलेलेवर नुसत्या चौकटी पाहून वाजवलं तर गाणं एक पूर्ण स्वर खाली वाजतं. चौकटीऐवजी कॉर्डचं नाव वाचून आपल्या पद्धतीने वाजवलं तर मूळ पट्टीत. दोन्ही चालतं, मिसळ चालत नाही. बॅरिटोन युकुलेलेचं पुस्तक तर वेगळंच, कारण त्याची मिळवणी डी, जी, बी, ई अशी गिटारच्या खालच्या चार तारांसारखी असते. मुखपृष्ठावर 'युकुलेले' एवढंच छापलेलं असतं, म्हणून मिळवणी कोणती हे आतल्या पानावर पाहून घ्यावं. एवढं सांगून मी मूळ मुद्द्याकडे येते.

मात्रांचा हिशोब हे फक्त उजव्या हाताचं काम आहे असा समज असतो. डाव्या हाताला तो तितकाच लागतो, आणि पुस्तक पारखायला डाव्या हाताचा एक धडा पुरेसा आहे. सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन या चार कॉर्ड बहुतेक पुस्तकांत सुरुवातीला येतात. सी म्हणजे ए तारेवर तिसऱ्या फ्रेटला अनामिका. ए मायनर म्हणजे जी तारेवर दुसऱ्या फ्रेटला मधलं बोट. चार चौकटी शेजारी शेजारी छापल्या की शिकणाऱ्याला चार वेगळे आकार दिसतात आणि दर बदलाला तो हात पूर्ण उचलून नव्याने मांडतो. तेच पुस्तक बदलाच्या अंगाने लिहिलेलं असेल तर सांगतं की ए मायनरवरून एफ करताना मधलं बोट जागचं हलवायचं नाही, ई तारेवर पहिल्या फ्रेटला फक्त तर्जनी टेकवायची. एफवरून जी सेव्हनला जाताना आता तर्जनी तिथेच ठेवायची; मधलं बोट जी तारेवरून शेजारच्या सी तारेवर त्याच दुसऱ्या फ्रेटला सरकतं आणि अनामिका ए तारेवर दुसऱ्या फ्रेटला येते. या दोन्ही बदलांत एक बोट खुंटीसारखं रोवलेलं राहतं. त्यापुढे जाऊन खरं चांगलं पुस्तक हेही सांगतं की बोटं उचलायची कधी. आठव्या मात्रेच्या वरच्या आघाताला बोटं उठलेली असली आणि मोकळ्या तारा वाजल्या तरी बिघडत नाही, कारण मोकळ्या चार तारा मिळूनच सी सिक्स्थ ही कॉर्ड होते आणि सी च्या गाण्यात ती सहसा खटकत नाही. उजवा हात थांबवायचा नाही, बदल त्या आठवीत उरकायचा. ही एवढीशी माहिती ज्याला वेळेवर मिळते त्याचं गाणं पहिल्या महिन्यातच तुटायचं थांबतं. चौकटींच्या पन्नास पानांत ती कुठेच नसेल तर त्या पन्नास पानांची किंमत फारशी नाही.

ई-बुकाला छापील पुस्तकापेक्षा एक जास्तीचा धोका आहे आणि तोही याच हिशोबाला बाधतो. ईपब प्रकारच्या पुस्तकात अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने मोडतात. कादंबरी वाचायला ही सोय उत्तम. पण शब्द आणि वर कॉर्ड अशा गाण्याच्या पानावर कॉर्डचं नाव ज्या अक्षराच्या डोक्यावर असतं त्याच अक्षराला कॉर्ड बदलायची, ही मात्रेची एकुलती एक खूण असते. ओळ मोडली की नाव सरकतं आणि जी सेव्हन भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. टॅबच्या, म्हणजे तारांसाठी आखून वर फ्रेटचे आकडे लिहिलेल्या, चार रेषा चित्र म्हणून न देता टाइप केलेल्या असतील तर आणखी वाईट: वरच्या दोन रेषा एका ओळीत राहतात, उरलेल्या पुढे ढकलल्या जातात आणि कोणता आकडा कोणत्या आकड्याबरोबर वाजवायचा हेच कळेनासं होतं. देवनागरीत गाणं लिहिलेलं असेल तर फॉन्ट बदलल्याबरोबर जोडाक्षरांची रुंदी बदलते, म्हणजे अक्षर मोठं न करताही हीच गत. त्यामुळे वाद्याच्या पुस्तकासाठी पान जसंच्या तसं राहतं असा प्रकार घ्यावा: पीडीएफ, किंवा ठरलेल्या मांडणीचा ईपब. पीडीएफलाही अट आहे. ए-फोर कागदाच्या मापाने मांडलेलं पान फोनच्या पडद्यावर वाचायचं तर ते सतत वर-खाली, डावी-उजवीकडे ओढावं लागतं, आणि इथे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असतात. गाण्याच्या मध्यावर पान उलटायला हात काढला की लय गेली. एक धडा किंवा एक गाणं एका पडद्यावर बसवणारा लेखक शिकणाऱ्याचा विचार करून लिहितो आहे, एवढी खात्री बाळगायला हरकत नाही. टॅबलेट असेल तर हा त्रास कमी होतो. फोनवरच शिकायचं असेल तर आडव्या पानाचं पुस्तक शोधावं.

पुस्तकासोबत ध्वनिमुद्रण असावं याबद्दल दुमत नाही, पण कसं असावं याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सुरू होण्याआधी एक आवर्तन मोजून दाखवलेलं हवं, तोच धडा संथ आणि मूळ अशा दोन लयींत हवा, आणि पानावर त्या मुद्रणाचा क्रमांक हवा. फाइल पुस्तकाबरोबर उतरवून घेता येणारी असेल तर उत्तम. नुसता दुवा दिलेला असेल तर तो काही वर्षांनी मरण्याची शक्यता धरून चालावं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो आपल्याच परंपरेतून. लय लिहून शिकता येत नाही, ती कानाने आणि गुरूच्या मांडीला मांडी लावून येते. हवाईतही हे वाद्य पुष्कळांनी घरात आणि अंगणात ऐकतच उचललं. मग पुस्तकाकडून ही अपेक्षा का? आक्षेपातली पहिली बाजू मला पूर्ण मान्य आहे. समोर शिकवणारा असेल तर पुस्तकात मात्रा नसल्या तरी चालतं, कारण तो मांडीवर टाळी देतो, चुकलेल्या क्षणी थांबवतो, रिकाम्या मात्रेला मान हलवून दाखवतो. पण ई-बुक घेणारा माणूस बहुधा एकटाच असतो, म्हणून तर तो ई-बुक घेतो. जिथे माणूस नाही तिथे माणसाचं काम पानाने करायचं आहे. आणि आपल्याकडे मौखिक परंपरा किती खोल होती हे ज्यांना सर्वांत जास्त माहीत होतं त्यांनीच हे ओळखलं होतं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या बंदिशी मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिका' मराठीत छापली तेव्हा केवळ स्वर लिहून ते थांबले नाहीत. स्वरांच्या ओळीखाली तालाची ओळ आली, समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे, आणि एका मात्रेत दोन-चार स्वर असतील तर त्यांच्याखाली जोडणारी कमान. विष्णु दिगंबर पलुस्करांची लिपी वेगळी, पण तिच्यातही एक मात्रा, अर्धी, पाव यांच्या खुणा प्रत्येक स्वराला दिलेल्या. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या दोघांनी मान्य केलेली गोष्ट अशी की पुस्तक गुरूची जागा घेऊ शकत नाही, पण स्वराची जागा लिहून त्याचा काळ न लिहिणारं पुस्तक तर गुरूला मदतही करू शकत नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांसाठी तालाच्या वह्या लिहिलेल्या घरांतून आलेल्या आपल्या शिकणाऱ्यांना आठ चौकोनांची ओळ परकी वाटण्याचं कारणच नाही. ज्याने शाळेत धा गे ना ति न क धि न म्हटलं आहे त्याला त्या सहा बाणांच्या खाली ते आठ बोल लिहायला सांगावं. बोल तबल्याचे आहेत, वजन युकुलेलेच्या प्रकाराशी हुबेहूब जुळत नाही हे खरं, पण मोजायला ते चोख चालतात.

दुसरा आक्षेप व्हिडिओचा. हात कसा हलतो हे डोळ्यांना दिसत असताना चौकोन कशाला वाचायचे? वाद्य कसं धरायचं, तर्जनीचं नख कुठे लागतं, मान आणि पेटी जुळते त्याच्या आसपास स्ट्रम का करायचा, हे व्हिडिओ पुस्तकापेक्षा चांगलं शिकवतो, याबद्दल वाद नाही. त्यामुळे वाद्य धरण्याच्या छायाचित्रांवर पहिली वीस पानं घालवणाऱ्या ई-बुकाला मी कमी गुण देते. पण व्हिडिओ एक गाणं शिकवतो, आणि दुसऱ्या गाण्यासाठी दुसरा व्हिडिओ लागतो. हात नक्कल करतो, गाण्याचं माप डोक्यात उतरत नाही. शिवाय सहाव्या मात्रेवर नेमकं काय झालं हे बघायला व्हिडिओ मागेपुढे ओढत बसावं लागतं. पानावर ती सहावी मात्रा डोळ्यांसमोर थांबलेली असते. ज्याला पान वाचता आलं त्याला उद्याचं अनोळखी गाणंही स्वतःचं स्वतः बसवता येतं. शिकवण्याचा हेतू तोच असेल तर दोन्ही घ्यावं, कामं वाटून द्यावीत.

मुलांना आणि हौशी माणसांना नोटेशन दाखवलं की ती पळून जातात, असाही एक सूर असतो. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या शाळांत जे. चाल्मर्स डोन यांनी युकुलेले आणलं ते नेमकं उलट्या कारणासाठी: स्वरलिपी वाचायला, गायला आणि ऐकायला शिकवण्याचं स्वस्त साधन म्हणून. वर्गच्या वर्ग त्या वाटेने शिकले आणि तो कार्यक्रम देशभर पसरला. मुलं पळत नाहीत. एकदम सगळं दाखवलं तर पळतात. आणि मी जे मागते आहे ते पाच रेषांची पूर्ण लिपी नव्हे. एक ते आठ आकडे आणि त्यांच्यावर बाण, इतकंच.

राहिला गाण्यांच्या संख्येचा मुद्दा. भरपूर गाणी असली की हुरूप टिकतो, ही गोष्ट मी नाकारत नाही. हुरूप टिकला नाही तर युकुलेले कपाटावर जातं. पण गाणी जास्त आणि मात्रा लिहिलेल्या, हेही शक्य आहे. लिझ आणि जिम बेलॉफ यांचं २०१० चं 'द डेली युकुलेले' वर्षाच्या दिवसांइतकी, ३६५ गाणी देतं, आणि तरीही शब्दांवर नुसत्या कॉर्ड टाकून मोकळं होत नाही. चाल स्वरलिपीत छापलेली आहे, म्हणजे प्रत्येक कॉर्ड किती मात्रांची ते पानावरच आहे. संख्या मोठी असणं हा दोष नाही, संख्या हीच कसोटी मानणं हा दोष आहे. याच्या जोडीला येणारी तक्रार अशी की ही परदेशी पुस्तकं, त्यातली गाणी आपण कधी ऐकलेली नाहीत, त्यापेक्षा ओळखीच्या हिंदी-मराठी गाण्यांचं संकलन घ्यावं. ओळखीच्या गाण्यात लय कानात आधीच असते आणि त्यामुळे कच्चं पानसुद्धा निभावतं, हे या तक्रारीतलं तथ्य. पण जे कानात आहे तेवढंच निभावतं. पहिले काही महिने मात्रा नीट लिहिलेलं पुस्तक अनोळखी, साध्या गाण्यांवर करावं आणि मग आपल्या गाण्यांकडे वळावं, असं मी सांगते. त्या वेळी एक गोष्ट पुस्तकात बहुधा सापडणार नाही, म्हणून इथे लिहिते. अमेरिकन पुस्तकं सी मध्ये, म्हणजे पांढरी एक मध्ये सुरू होतात. आपल्याकडे भावगीत गाणारे पुष्कळ पुरुष काळी एकच्या आसपास गातात आणि पुष्कळ स्त्रिया काळी चारच्या आसपास. पहिल्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावावा. पुरुषांनी सी च्या घरातले आकार वाजवावेत, म्हणजे काळी एक मिळते. स्त्रियांनी जी च्या घरातले, म्हणजे जी, सी, डी, ई मायनर हे आकार वाजवावेत, म्हणजे काळी चार मिळते. पट्टी बदलते, मात्रांचा हिशोब तसाच राहतो, आणि म्हणूनच तो आधी पक्का हवा.

विकत घेण्याआधी पुस्तक तपासायचं कसं, हा व्यवहाराचा भाग. दुकानं सुरुवातीची थोडी पानं फुकट दाखवतात. त्यांत प्रस्तावना, वाद्याच्या भागांची नावं, तारा मिळवण्याची रीत असं येतं, आणि ते सगळ्या पुस्तकांत जवळजवळ सारखंच असतं. त्यावरून मत बनवू नये. अनुक्रमणिका मात्र त्या पानांत असते आणि ती पुष्कळ बोलते. कॉर्डच्या यादीआधी मोजणीचा धडा आहे का, सहा मात्रांच्या गाण्यांना वेगळा धडा आहे का, आघात न करता हात हलवण्याचा उल्लेख कुठे आहे का, हे पाहावं. लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मधलं एखादं पान नमुना म्हणून मिळत असेल तर ते उघडावं आणि पायाने ठेका धरून, वाद्य हातात न घेता, नुसतं वाचून म्हणता येतं का ते पाहावं. म्हणता आलं तर ते पुस्तक वाजवताही येईल. ज्यांच्याकडे आधीच बाणांचं पुस्तक पडून आहे त्यांनी ते टाकून देऊ नये. एक दुरेघी वही घ्यावी, आठ चौकोन आखावेत आणि पुस्तकातला प्रत्येक स्ट्रमिंगचा प्रकार मुद्रण ऐकून त्या चौकोनांत उतरवावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते करणाऱ्याला पुढच्या पुस्तकाची गरज उशिरा पडते.

आणि जे कुणी मराठीतून युकुलेलेचं ई-बुक लिहिण्याच्या विचारात असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. गाणी दहाच घ्या, कॉर्ड आठच घ्या, पण प्रत्येक पानावर शब्दाखाली मात्रा लिहा, समेला खूण करा, न वाजणाऱ्या मात्रेचा चौकोन रिकामा का होईना छापा, आणि पान पीडीएफमध्ये, फोनच्या आडव्या पडद्याला बसेल असं मांडा.